डिझेलवर सुपरचार्जर आणि टर्बो एकत्र: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक कागदावरच होते. टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा) आणि सुपरचार्जर (इंजिनच्या बेल्टवर फिरणारा) हे दोन्ही इंजिनात हवा दाबून भरतात. त्यांच्या बूस्टची, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीच्या दाबाची, बेरीज केली जाते, पण प्रत्यक्षात दाबाच्या गुणोत्तरांचा (बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा दाब) गुणाकार होतो. टर्बो २.० आणि सुपरचार्जर १.५ गुणोत्तराने चालला तर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ३ बार अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे वातावरणाचा १ बार वजा करून गेजवर २ बार दाब येतो. बेरजेने १.५ धरून बसलेल्याचं हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) इथेच उडतं. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा ३ बारचा मॅप सेन्सरही टोकाला टेकतो आणि त्यापुढचा दाब ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) दिसतच नाही.

टर्बोची तापलेली हवा थेट सुपरचार्जरमध्ये सोडू नका. त्याचे आतले फिरते रोटर फुगतात, मधली फट संपते आणि ते केसिंगला घासतात. मध्ये एक इंटरकूलर (हवा थंड करणारा रेडिएटर) हवाच. मॅनिफोल्डच्या आधी आणखी एक बसला तर उत्तम.

बूस्ट गेज एकच लावलं तर दोष कुठल्या टप्प्यात आहे ते कळत नाही. टर्बोनंतर एक आणि सुपरचार्जरनंतर एक, अशी दोन लावा. १५०० आरपीएमला लोडवर दुसरं गेज पहिल्यापेक्षा वर जात नसेल, तर बायपास फ्लॅप (सुपरचार्जरला वळसा देणाऱ्या वाटेचं झाकण) उघडा अडकलाय किंवा बेल्ट घसरतोय. पुलीभोवती काळी भुकटी दिसली तर बेल्टच. दोन्ही ठीक असतील तर पुली तपासा. पेट्रोल इंजिनवरची पुली तशीच उचलून लावलेली असते आणि डिझेलच्या कमी फेऱ्यांना ती पुरत नाही. वरच्या आरपीएमला सुपरचार्जरचा क्लच सुटल्यावर दुसरं गेज पहिल्यापेक्षा खाली आलं, तर फ्लॅप पुरता उघडत नाहीये किंवा बायपासचा पाइप बारीक आहे. तेव्हा सुपरचार्जर म्हणजे हवेच्या वाटेतलं बूच.

हवा वाढवून ताकद आपोआप वाढत नाही, ती डिझेलच्या मात्रेवर ठरते. मात्रा हवेच्या पुढे गेली की काळा धूर येतो आणि टर्बोआधीचं एक्झॉस्ट तापमान चढतं. सतत लोडवर ते ७०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा.

सुपरचार्जरचं सील गळून ऑइल इनटेकमध्ये गेलं, तर इंजिन तेच जाळत पळत सुटतं. चावी काढून ते थांबत नाही, हवाच तोडावी लागते. म्हणून सुपरचार्जर आणि बायपास या दोन्हींच्या आधी आणीबाणीचा फ्लॅप बसवा. डेट्रॉइट डिझेल या अमेरिकन कंपनीच्या ७१ मालिकेतल्या इंजिनांत तो ब्लोअरच्या (सुपरचार्जरच्या) तोंडाशीच असे. तो बंद झाला की आत निर्वात होऊन सीलवर ओढ येते, त्यामुळे एकदा वापरल्यावर सील तपासल्याशिवाय पुन्हा स्टार्ट मारू नका.