अनिटाच्या नोंदींतली उपग्रहांची शीळ: खोडू नका, वजा करा

अनिटा म्हणजे बर्फातून येणारे न्यूट्रिनोंचे क्षणिक रेडिओ स्पंद शोधणारा, बलूनला टांगलेला अँटेनांचा संच. अंटार्क्टिकावर तरंगत तो 200 ते 1200 मेगाहर्ट्झ ऐकायचा. त्यात 260 आणि 375च्या आसपास उपग्रहांची सततची शीळ. भूस्थिर उपग्रह उत्तर क्षितिजालगत असतात, म्हणून त्या बाजूचे अँटेनाच उगाच ट्रिगर व्हायचे, म्हणजे खरा स्पंद नसताना नोंद सुरू करायचे. 2016च्या उड्डाणात त्यासाठी जुळवता येणारे नॉच फिल्टर (ठरावीक अरुंद पट्टाच दाबणारे) बसवले होते.

विश्लेषणात मात्र एफएफटीचे (नोंद वारंवारतांमध्ये फोडणाऱ्या गणिताचे) बिन, म्हणजे वारंवारतेचे कप्पे, सरसकट शून्य करू नका. नोंद जेमतेम 100 नॅनोसेकंदांची, म्हणजे बिन सुमारे 10 मेगाहर्ट्झ रुंद. शून्य केलं की टोकदार स्पंदाला शेपूट फुटतं. त्याऐवजी साइन वक्र बसवून वजा करा: वारंवारता सगळ्या अँटेनांना एकच, आयाम आणि फेज प्रत्येकाची वेगळी. शक्ती ठळकपणे घटेनाशी झाली की थांबा. पुढे खरा सिग्नलच कुरतडला जातो.

संशोधन तळांवरून येणारे मानवनिर्मित स्पंद मात्र या वजाबाकीतून निसटतात, कारण ते सततची शीळ नसतात. ते नकाशावर एका जागी गोळा होतात का, हे पाहूनच वगळावेत.