वर्षाच्या मध्यात वर्गशिक्षिका प्रसूती रजेवर जाताना: शाळेने, शिक्षिकेने आणि पालकांनी काय करावे

वर्गशिक्षिकेला दिवस गेले आहेत हे पालकांना कळते, तेव्हा त्यांचे पहिले वाक्य बहुधा अभिनंदनाचे असते. दुसऱ्या वाक्याला मात्र प्रश्न येतो, "मग आता आमच्या मुलांचं काय?" हा प्रश्न मला कधीच स्वार्थी वाटला नाही. ज्या घरातले मूल आत्ता कुठे जोडाक्षरे वाचू लागले आहे, किंवा शाळेच्या दाराशी रडायचे थांबून अजून महिनाही झालेला नाही, त्या घरासाठी बाई बदलणे ही मोठीच गोष्ट असते. पण या प्रश्नाचे उत्तर देणे हे शाळेचे काम आहे, रजेवर जाणाऱ्या बाईंचे नाही. पुढचा बहुतेक मनस्ताप या एका गल्लतीतून सुरू होतो.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी शाळेने पालकांना "तारीख जवळ आली की सांगू" असे ठरवले होते. बाळ तीन आठवडे आधी आले. शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे फळा पुसून घरी गेले आणि सोमवारी मुलांसमोर अनोळखी बाई उभ्या होत्या. बाळ चार दिवसांचे असताना एका वडिलांचा फोन आला, "बाई, तुम्ही निदान सांगून तरी जायचं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, मूल दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हते म्हणून ते हताश झाले होते. पुढे मुख्याध्यापिका झाल्यावर अशा प्रत्येक रजेची तयारी करताना तो फोन माझ्या मनात असे. खाली जे लिहिले आहे ते त्या तयारीतून आलेले आहे.

कोणाला, कधी सांगावे

गर्भपाताचा धोका पहिल्या 12 आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणून अनेक जणी तोवर कोणालाच काही सांगत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. तरीही शिक्षिकेने मुख्याध्यापकांना, फक्त त्यांनाच, शक्य तितक्या लवकर विश्वासात घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. याचे कारण रजा नसून वर्गातली आजारपणे आहे. रुबेलाचा गर्भाला सर्वांत जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांतच असतो. कांजिण्या अंगावर पुरळ दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच पसरू लागतात. मुलांचे गाल थोबाडीत बसल्यासारखे लाल होतात तो पार्व्होव्हायरसचा संसर्ग मुलांना फारसा त्रास देत नाही, पण गरोदरपणाच्या पूर्वार्धात तो बाळाला बाधू शकतो. आपल्याला गोवर, रुबेला आणि कांजिण्या यांविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे की नाही, हे शिक्षिकेने डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. अगदी लहान मुलांच्या वर्गात नाक-तोंड पुसल्यावर आणि चड्डी बदलल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त कटाक्षाने पाळावी. शाळेनेही मुलांच्या अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी कळवण्याची सूचना सर्वच पालकांना द्यावी. अशी सूचना सर्व वर्गांना गेली की कोणाची बातमी फुटत नाही आणि काळजीही घेतली जाते.

पालकांना सांगण्याची वेळ ठरवताना एक साधे गणित लक्षात ठेवावे. डॉक्टरांनी दिलेली तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 40 आठवडे मोजून काढलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच असतात. दहातले साधारण एक बाळ 37 आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्माला येते. म्हणून शिक्षिकेच्या रजेची तारीख काहीही असो, तिच्या जागी येणाऱ्या बाईंची नेमणूक, पालकांना द्यायचे पत्र आणि सोपवायची वही या तिन्ही गोष्टी 34व्या आठवड्याच्या आत तयार हव्यात. पालकांना रजेच्या सहा ते आठ आठवडे आधी सांगावे. त्याहून लवकर सांगितले तर महिनोन्महिने कुजबुज चालते, आणि उशीर केला तर माझ्या सोमवारसारखा सोमवार उगवतो.

पत्रात काय लिहावे

पत्र शिक्षिकेची संमती घेऊन मुख्याध्यापकांच्या सहीने जावे. त्यात तिच्या प्रकृतीबद्दल एकही शब्द नको आणि दिलगिरी तर मुळीच नको. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" हे वाक्य सवयीने लिहिले जाते, पण त्यामुळे बाळंतपण ही शाळेच्या हातून घडलेली चूक ठरते. पालकांना तीन गोष्टी हव्या असतात: कोण येणार, कधीपासून येणार आणि अभ्यास कुठवर आला आहे. असे काही लिहिता येईल:

"आपल्या पाल्याच्या वर्गशिक्षिका अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जात आहेत. त्यांच्या जागी अमुक बाई वर्ग घेतील. त्याआधीचे दोन आठवडे दोघी मिळून वर्ग सांभाळतील. गणिताचा अपूर्णांकापर्यंतचा भाग तोवर पूर्ण होईल आणि पुढील चाचणी ठरल्या वेळेलाच होईल. आपल्याला काही विचारायचे असल्यास मी बुधवारी आणि गुरुवारी दुपारी शाळेत भेटेन."

शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण प्रश्न घेऊन कोणाकडे जायचे हे त्यातून कळते. नेमणूक अजून झाली नसेल तर तसे सरळ लिहावे आणि कोणत्या दिवसापर्यंत कळवू तेही लिहावे. मुलांना मात्र पत्र घरी जाण्याच्या दिवशीच, बाईंनी स्वतः वर्गात सांगावे. लहान मुलांना आपल्या खोड्यांमुळे बाई चालल्या असे वाटू शकते, म्हणून "मी तुमच्यावर रागावून जात नाही, माझ्या बाळाला काही महिने माझी गरज आहे" हे त्यांच्या कानावर स्पष्ट शब्दांत पडायला हवे.

सोपवायची वही

अभ्यासक्रम कुठवर आला हे कोणीही पाठटाचणावरून सांगू शकेल. बदली शिक्षिकेला खरी गरज असते ती मुलांबद्दलच्या दोन-दोन ओळींची. माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेने लिहिलेली अशी वही मी पुढे नमुना म्हणून वापरत असे. त्यात एका मुलीपुढे लिहिले होते, "प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मनात मोजावे, मग ती बोलते. आधी दुसऱ्याला विचारले तर दिवसभर गप्प राहते." दुसऱ्या एका मुलापुढे होते, "पोटात दुखते म्हणाला तर बहुधा वाचनाचा तास असतो. पुस्तक घेऊन शेजारी बसवावे." घरातली भांडणे, आजार, पैशांची अडचण अशा नाजूक गोष्टी वहीत लिहू नयेत. त्या समोरासमोर, गरजेपुरत्याच सांगाव्यात.

वह्या तपासण्याची पद्धतही लिहून ठेवावी, कारण पालकांच्या निम्म्याअधिक तक्रारी तिथूनच येतात, असा माझा अनुभव आहे. एका वर्गात आधीच्या बाई चुकलेल्या शब्दाला फक्त गोल करीत आणि मुलांना तो स्वतः दुरुस्त करायला लावीत. नव्या बाई लाल पेनाने बरोबर शब्द लिहून देत. दोन्ही पद्धतींत गैर काही नव्हते, पण पानभर लाल अक्षरे पाहून तीन घरांमध्ये "मुलगा एकदम मागे पडला" असा समज झाला. पहिला महिनाभर तरी जुनीच पद्धत ठेवावी आणि बदलायची झाल्यास आधी मुलांना सांगावे.

दोघींच्या एकत्र आठवड्यांपैकी पहिल्यात नव्या बाईंनी मागे बसून पाहावे आणि दुसऱ्यात त्यांनी शिकवावे व जुन्या बाईंनी मागे बसावे. संस्था एवढ्या दिवसांचा दुहेरी पगार द्यायला कुरकुर करते. तेव्हा निदान चार दिवस तरी पदरात पाडून घ्यावेत.

पालक नाराज असतील तेव्हा

पालकसभेत कोणीतरी "वर्षाच्या मध्येच का? सुट्टीचा अंदाज घेऊन ठरवता आलं असतं" असे म्हणतेच. त्या वेळी शिक्षिकेला उत्तर द्यावे लागता कामा नये. मूल केव्हा राहावे हे दिनदर्शिका पाहून ठरत नाही, आणि समोर उभ्या असलेल्या बाईंच्या मागे किती वर्षांची वाट पाहणे, उपचार किंवा आधीचा गर्भपात आहे हे सभेतल्या कोणालाच माहीत नसते. मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगावे, "तो बाईंचा खासगी विषय आहे. तुमच्या मुलाच्या अभ्यासाबद्दल विचारा, मी सांगते." आवाज चढवायची गरज नसते, पण हे वाक्य पहिल्याच वेळी यायला हवे. गप्प राहिलेल्या मुख्याध्यापकांचे मौन म्हणजे संमती, असाच अर्थ सभा काढते.

ही रजा कोणाची मेहेरबानी नाही, हेही शाळेने विसरू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1919 मध्ये, म्हणजे स्थापनेच्या वर्षीच, मातृत्व संरक्षणाचा करार केला होता. 2000 सालच्या 183व्या करारात किमान 14 आठवड्यांची रजा आहे, त्यातले सहा आठवडे साधारणपणे बाळंतपणानंतर सक्तीने घ्यायचे असतात, आणि परतल्यावर तेच किंवा तितक्याच पगाराचे समकक्ष पद मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने नेमके आठवडे तिथल्या नियमांवरून पाहावेत. "पुढच्या वर्षी या बाईंना मोठा वर्ग देऊ नका" अशी मागणी पालकांकडून आली तर ती मान्य करणे शाळेच्या अधिकारात बसत नाही, हे त्यांना सभ्य पण निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

पालकांनाही काही सांगायचे आहे. मुलासमोर "आता काही खरं नाही" असे म्हणू नका. मूल ते वाक्य उचलते आणि नव्या बाईंसमोर त्याच नजरेने बसते. पहिले तीन आठवडे तुलना टाळा. त्यानंतरही मुलाची झोप उडाली असेल, वह्या तपासल्या जात नसतील किंवा एकच धडा महिनाभर चालला असेल, तर मात्र गप्प बसू नका. बदली शिक्षिका कधी कधी खरोखरच कमी पडते. तेव्हा गटावर लिहिण्याऐवजी मुलाची वही हातात घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, कारण तारखा असलेल्या वहीपुढे टोलवाटोलवी चालत नाही. रजेवर असलेल्या बाईंना फोन करू नका, आणि शाळेने त्यांना पालकांच्या गटातून रजेच्या पहिल्या दिवशीच मोकळे करावे. बाळ झाल्याची बातमीही त्यांनी सांगू दिली तरच आणि तेवढीच सांगावी.

परतताना

वर्ष संपायला पाच-सहा आठवडे उरले असताना शिक्षिका परतली, तर पालकांना पुन्हा एकदा बदल नको असतो आणि मुलेही नव्या बाईंना चिकटलेली असतात. अशा वेळी शिक्षिकेची मनापासून तयारी असेल तर वर्ग वर्षअखेरपर्यंत बदली शिक्षिकेकडे ठेवून तिने मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट घ्यावेत. तिची तयारी नसेल तर वर्ग तिचाच आहे आणि दोघींनी पुन्हा चार दिवस एकत्र काढावेत. परतल्यावरही अंगावर पाजणाऱ्या आईला दूध काढायला दिवसातून एकदोनदा वेळ लागतो. त्यासाठी आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि विजेचा एक प्लग पुरतो, स्वच्छतागृह मात्र चालत नाही. वेळापत्रकात तिच्या नावापुढचे ते दोन मोकळे तास ती येण्याच्या आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे पहिल्याच दिवशी तिला ते मागावे लागणार नाहीत.