सेनेका, सिसेरोच्या जुन्या छापील प्रती जमवायच्या तर

मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो. युरोपात दोलामुद्रितांची रेषा १५०० सालाच्या अखेरीस ओढतात. नव्या संग्राहकाने या रेषेच्या अलीकडे, म्हणजे सोळाव्या शतकात सुरुवात करावी. रोमन लेखक सिसेरोचं 'दे ऑफिसीस' १४६५ साली जर्मनीतल्या माइन्झमध्ये फुस्ट आणि शफर या मुद्रकांनी छापलं. अशी रेषेपलीकडची पुस्तकं ग्रंथालयात जाऊन डोळे भरून पाहावीत. विकत घ्यायला फ्रान्समधल्या ल्योंच्या ग्रिफियुस या मुद्रकाने काढलेले छोटे सिसेरो बरे, ते अजून बाजारात येतात.

पहिलं काम, एकच धागा धरा. मला रोमन तत्त्वज्ञ सेनेका सुचवावासा वाटतो. इरॅस्मस या पंडिताने त्याचं लेखन १५१५ साली बाझेलला फ्रोबेन या मुद्रकाकडे छापून घेतलं, पण त्या आवृत्तीवर तो नाराज होता, म्हणून १५२९ साली पुन्हा नव्याने संपादन केलं. १६०५ साली लिप्सियुस या विद्वानाची आवृत्ती अँटवर्पहून आली. ही तीन पुस्तकं शेजारी ठेवली, तर एकाच वाक्याशी संपादक तीनदा कसे झगडले ते दिसतं.

मग शीर्षकपानावरचं गाव नीट वाचा. 'लुग्दुनी' म्हणजे ल्यों, पण पुढे 'बतावोरुम' असेल तर हॉलंडमधलं लायडन. या एका शब्दावर देश बदलतो. छपाईची नोंद पुढे नसेल तर शेवटचं पान उघडा. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या यूएसटीसी या जुन्या छापील पुस्तकांच्या मोफत सूचीत आवृत्ती ताडून पाहा.

आता खरं काम, प्रत पूर्ण आहे का ते पाहायला पानं मोजणं. पानाच्या खाली ए, ए२, ए३ अशा खुणा असतात. अष्टपत्री, म्हणजे एका तावाच्या घड्या घालून आठ पानं केलेल्या पुस्तकात आठ पानांचा एक जुडगा, त्यात पहिल्या काही पानांवरच खूण असते. लॅटिन मुळाक्षरं तेवीस धरतात, त्यामुळे 'जे' किंवा 'डब्ल्यू'चा जुडगा सापडला नाही तर घाबरू नका.

वाळवीची किंवा किड्याची भोकंही उपयोगी पडतात. किडा सरळ आत शिरतो, म्हणून भोक पानापानांतून पुढे सरकत जातं. मधलंच एखादं पान अगदी धडधाकट असेल, आजूबाजूच्या सगळ्यांना मात्र भोक असेल, तर ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेलं असण्याची शक्यता मोठी. पान उजेडासमोर तिरकं धरा. कागदातल्या जाड रेषा अष्टपत्री पुस्तकात उभ्या असतात, चतुष्पत्रीत, म्हणजे तावाची चार पानं केलेल्या पुस्तकात, आडव्या. एका पानावर त्या उलट्या दिसल्या तर विक्रेत्याला विचारा.

समासात कुणा विद्यार्थ्याने शाईने टिपणं केली असतील तर ती प्रत मुद्दाम घ्यावी. धुऊन स्वच्छ केलेल्या प्रती मला रित्या वाटतात.

ग्रंथालयाचा शिक्का दिसला, तर तो रीतसर रद्द केल्याची खूण आहे का ते पाहा, नसेल तर कागदपत्रं मागा. नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयातून मोठी चोरी झाल्याचं २०१२ साली उघड झालं, त्यानंतर पुस्तक कुठून आलं हे विचारणं कुणालाही गैर वाटत नाही.

आणि पुस्तक मुंबई-कोकणात येणार असेल तर चर्मपत्राची बांधणी घेण्याआधी पावसाळ्याचा विचार करा. दमट हवेत चर्मपत्र फुगतं, पुठ्ठे वाकतात आणि पुस्तक आपोआप उघडं राहायला लागतं. ते बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका. कपाटात आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा.