जेडचा संग्रह: नोंद, साठवण आणि मांडणी

जेड चिवट दगड आहे, नीट ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. हरवते ती त्याची माहिती. वस्तू कुठून आली, कधी घेतली, विकणाऱ्याने काय सांगितलं, हे दोन-चार वर्षांत डोक्यातून निसटतं आणि मग कोरीवकाम कितीही सुंदर असलं तरी त्या वस्तूबद्दल खात्रीने बोलायला काही उरत नाही. म्हणून काचेचं कपाट नंतर घ्या, नोंदवही आज सुरू करा.

प्रत्येक नगाला वर्ष, त्या वर्षातली खरेदी आणि त्या खरेदीतला नग असा क्रमांक द्यावा. २०२४.०७.०३ म्हणजे २०२४ मधल्या सातव्या खरेदीतला तिसरा नग. डबी आणि तिचं झाकण असेल तर शेवटी ‘अ’ आणि ‘ब’ लावायचं. लाकडी बैठक वस्तूसोबत आली असेल तर तिलाही असंच अक्षर द्या, कारण बैठकांची अदलाबदल फार पटकन होते. वस्तू विकली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

नोंदीचे तीन रकाने करा: मोजलेलं, दिसलेलं, सांगितलेलं. हे तीन एकमेकांत मिसळू न देणं हाच चांगल्या नोंदीचा पाया. ‘अठराव्या शतकातलं पांढरं नेफ्राइट’ (नेफ्राइट हा जेडचाच एक प्रकार) हे विक्रेत्याचं म्हणणं असेल तर ते तिसऱ्या रकान्यात, तारखेसह लिहावं. पुढे एखाद्या जाणकाराने वेगळं मत दिलं तर जुनी ओळ खोडू नका, खाली नवी लिहा. पावत्या, जुनी लेबलं, निर्यातीचे कागद यांचे फोटो त्याच क्रमांकाखाली ठेवा. वस्तूवर चिकटवलेलं जुन्या संग्रहाचं लेबल काढू नका, तो पुरावा आहे.

मोजमाप

लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये, प्लॅस्टिकच्या व्हर्नियरने घ्या. स्टील जेडपेक्षा मऊ असल्यामुळे सहसा ओरखडा उठत नाही, पण धातूची करडी रेघ मागे राहते आणि मग तीच भेग वाटते.

त्यानंतर घनता काढा. घरी करता येण्यासारख्या चाचण्यांत हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात, नेफ्राइट आणि जेडाइट. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ मध्ये ती वेगळी ओळखली. नेफ्राइटची घनता साधारण २.९५, जेडाइटची ३.३४. जेड म्हणून विकलं जाणारं सर्पेंटाइन २.६ च्या आसपास असतं, हिरवं क्वार्ट्‌झ २.६५.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर कोरडी वस्तू तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तिने तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवेल तो वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा वस्तू ४७.२० ग्रॅमची आहे आणि पाण्यातला आकडा १६.०० आला, तर उत्तर २.९५, म्हणजे नेफ्राइटशी जुळणारं. वस्तू ५३.४० ग्रॅमची असती तर ३.३४ आलं असतं.

उत्तर विचित्र आलं तर आधी बुडबुडे बघा. कोरीव खाचांत आणि भोकात हवा अडकते, पाण्याचा आकडा वाढतो आणि घनता कमी दिसते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने बुडबुडे काढा. वस्तू तळाला टेकली तर तिचं स्वतःचं वजनही काट्यावर येतं आणि उत्तर साफ चुकतं. एक ग्रॅमपेक्षा हलक्या नगावर ही पद्धत भरवशाची नाही.

काही वस्तू मात्र पाण्यात घालायच्याच नाहीत: दोऱ्यात ओवलेल्या माळा, धातूत बसवलेले नग, जमिनीतून निघालेल्या वस्तू आणि कुंदनकाम केलेलं मुघल जेड. कुंदनाच्या खड्याखाली लाख आणि चकाकीसाठी पातळ वर्ख असतो. तिथे पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो आणि खड्याचं तेज जातं. शिवाय सोनं आणि लाख मिसळल्यामुळे आकड्यालाही अर्थ राहत नाही.

घनतेवरून खनिजाचा अंदाज येतो, त्यावर झालेली प्रक्रिया कळत नाही. फक्त मेण लावलेलं जेडाइट ‘ए’ प्रकारचं, आम्लाने धुऊन आत राळ भरलेलं ‘बी’, रंगवलेलं ‘सी’. मागून टॉर्च धरल्यावर रंग कणांच्या मधल्या फटींत जाळीसारखा साचलेला दिसला तर रंगवल्याचा संशय नोंदवा. ‘बी’ ची खात्री प्रयोगशाळेतल्या अवरक्त चाचणीनेच होते. महागड्या नगासाठी तो खर्च करावा.

फोटो

राखाडी पार्श्वभूमी, शेजारी मोजपट्टी आणि रंगांचं कार्ड. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवून कायम ठेवा. तो आपोआप बदलू दिला तर एकच हिरवा दर फोटोत वेगळा येतो. प्रत्येक वस्तूचे तीन प्रकाशांत फोटो हवेत: पसरट मऊ प्रकाशात रंग कळतो, बाजूने तिरप्या प्रकाशात टवके आणि हत्यारांच्या खुणा उठून दिसतात, मागून आलेल्या प्रकाशात आतल्या भेगा दिसतात. भेग आणि नैसर्गिक शीर यांत घोळ झाला तर नख फिरवून बघा. नख अडलं तर पृष्ठभागापर्यंत आलेली भेग असण्याची शक्यता जास्त. नख न अडणारी केसासारखी भेगही असते, म्हणून मागच्या प्रकाशातला फोटो टाळू नका.

क्रमांकाची चिठ्ठी न रंगवलेल्या सुती नाडीने बांधा. संग्रहालयांत दगडावर पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पारदर्शक राळेचा थर देऊन त्यावर क्रमांक लिहितात, पण त्यातलं अ‍ॅसिटोन जेडवरचं मेण काढू शकतं, राळ भरलेल्या नगाला तर ते लावूच नये.

साठवण

पॉलिथिलीन फोमच्या जाड पत्र्यात प्रत्येक नगाच्या आकाराचा खळगा कापून त्यात धुतलेली, ब्लीच न केलेली मलमल किंवा आम्लरहित टिश्यू घाला. सोफ्याचा पिवळा फोम वापरू नका. काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो आणि कोरीव खाचांत बसतो. पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, त्यांतला प्लास्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन, सुटून पृष्ठभाग तेलकट होतो. नग एकमेकांना लागता कामा नयेत. जेडाइट नेफ्राइटपेक्षा थोडं कठीण असतं, ते चरे पाडतं.

दगडाला दमट हवेचं फारसं काही वाटत नाही. लाकडी बैठक, रेशमी गोंडा आणि चांदीचं कोंदण यांना वाटतं. त्यांच्यासाठी आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे एकसारखी, ठेवा.

धुळीबाबत हलगर्जीपणा नको. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, त्यांची कठीणता मोह्सच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ७, नेफ्राइटची ६ ते ६.५. कोरड्या फडक्याने पुसलं की पॉलिशवर बारीक चरे उठतात. आधी हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश फिरवा. उत्खननातल्या जेडवर लाल पूड दिसली तर ती हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग, असू शकते. ती घासून काढू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोज्यांतून गुळगुळीत जेड निसटतं.

मांडणी

फिकट नेफ्राइटमागे गडद करडा, गडद हिरव्यामागे फिकट रंग शोभतो. हॅलोजन दिवा नको, त्याच्या उष्णतेने मेण मऊ पडतं आणि राळ पिवळी होऊ शकते. एलईडी कपाटाच्या वरच्या बाजूने तिरपा सोडा आणि पारदर्शक नगामागे अगदी मंद दुसरा दिवा ठेवा. मागचा दिवा जास्त झाला की कोरीवकाम सपाट दिसू लागतं. रेशीम सोबत असेल तर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर जाऊ देऊ नका.

गोल चकती उभी करताना खाली दोन ठिकाणी आणि वर एका ठिकाणी आधार द्या. पितळी तारेवर पॉलिथिलीनची नळी चढवली की धातू दगडाला लागत नाही. चकती मधल्या भोकातून टांगू नका, सगळं वजन एका बिंदूवर येतं. बांगडीही खिळ्याला अडकवू नका, आडवी ठेवा. रहदारीच्या खोलीत काचेच्या फळीवरचे नग थरथरीने हळूहळू कडेकडे सरकतात, म्हणून प्रत्येकाखाली पातळ फोमचा तुकडा ठेवा. दर सहा महिन्यांनी तिरप्या प्रकाशातला जुना फोटो हातात धरून नग ताडून बघा आणि नवा टवका दिसला तर तारखेसह ‘दिसलेलं’ या रकान्यात लिहा.