दीड तास, सगळ्या घराचा

नववीतल्या एका मुलाच्या निबंधाच्या वहीतलं पान अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पहिल्या चार ओळी सुरेख, मोत्यासारखं अक्षर. पाचवी ओळ अर्ध्यातच तुटलेली. पुढची दोन वाक्यं वेगळ्याच दाबाने, घाईघाईत उरकलेली, एका शब्दाची वेलांटी सुटलेली. मग परत खंड. त्याला जवळ बोलावून विचारलं, तर खरं बोलला, "बाई, मधे मधे मेसेज येत होते."

त्यानंतर मी वह्या तपासताना हे तुटणं शोधायलाच लागले, आणि ते बऱ्याच वह्यांत सापडलं. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय की, एकदा लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासात शिरायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे दीड तासात चार-पाच मेसेज आले तर त्या मुलाच्या पदरात काय पडणार? पोर पुस्तकापुढे बसलेलं दिसतं, आईबाप समाधानी असतात, आणि डोक्यात काही शिरलेलं नसतं.

मोबाइल घरोघरी पोहोचवायला आम्ही शिक्षकही कारण झालो, हे मी विसरत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा "काहीही करा, पण फोन घ्या" असं आम्हीच पालकांना सांगत होतो. एका घराने त्यासाठी दोन शेळ्या विकल्या. त्यामुळे आता "पोरांच्या हातातला फोन काढून घ्या" एवढं सांगून मला मोकळं होता येत नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. आधी बायकांची सभा झाली, मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की नियम एकट्या पोरांना नाही, साऱ्या गावाला आहे. तेच मी आमच्या गल्लीत चौदा घरांत करून पाहिलं. तुम्हाला करायचं असेल तर असं करा.

आधी वेळ ठरवा, पण दुसऱ्या गावाची वेळ उचलू नका. आमच्याकडे धारा काढून, डेअरीत दूध घालून माणूस घरी यायला सव्वासात होतात. सातची वेळ ठेवली असती तर घरातली मोठी माणसं गोठ्यात आणि पोरं एकटीच नियमात, असं झालं असतं. म्हणून आम्ही साडेसात ते नऊ धरलं. लहान पोरांना आधीच जेवू घालायचं, बाकीच्यांची पानं नऊनंतर. मालिका बुडते ही तक्रार येणारच. आमच्या गल्लीतल्या आज्जींनी ती सोडवली: दुपारी पुन्हा लागते तेव्हा बघायची.

वेळ ठरवायची बैठक आयांसोबत घ्या आणि बापांना तिथे बोलावूनच घ्या. "बाई, तुम्हीच सांगा की त्याला, तुमचं ऐकतो" असं प्रत्येक आई म्हणते. तिला स्पष्ट सांगा की पोरगं ऐकत नाही, बघतं. बाप ओसरीवर रील्स बघत असेल तर आतल्या खोलीतल्या पोराला ते आवाजावरून कळतं.

मग फोनचं काय करायचं? पूर्ण बंद करायला लावू नका, इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. कुणाची मुलगी बाळंतपणाला आलेली असते, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर असतो, ऊसतोडीच्या दिवसांत गाडीवाल्याचा फोन कधी येईल सांगता येत नाही. आम्ही साधा तोडगा काढला: डेटा बंद, वायफाय असेल तर तेही बंद, रिंग मात्र चालू. फोन आला तर उचलायचा, बोलायचं, परत ठेवायचा. आणि ठेवायचा तो खिशात नाही. घरातले सगळे फोन एका जागी, स्वयंपाकघरातल्या फळीवर, पालथे. पोरांनी मोजायचे. मोठ्यांचे फोन मोजण्याचा मान पोरांना दिला की त्यांना हा नियम आपला वाटायला लागतो.

वेळ झाली हे कुणीतरी सांगावं लागतं. आमच्याकडे भोंगा नाही. एसटीतून निवृत्त झालेले शेजारचे काका साडेसातला पितळी घंटा वाजवतात. आईने ओरडून सांगितलं की भांडण होतं, घंटेशी कोण भांडणार?

आता सगळ्यात अवघड भाग. पहिले आठ दिवस त्रास होतो. मुलं चिडतात, जेवत नाहीत, दार आपटतात. एका घरात ताट भिरकावलं गेलं. त्या वेळी मार देऊ नका आणि फोनही देऊ नका. शेजारी बसा. मी पालकांना सांगितलं, तुम्हाला अभ्यास घेता येत नसेल तर तांदूळ निवडा, लसूण सोला, पण त्याच खोलीत. सोललेल्या लसणाच्या ढिगाशेजारी एक मुलगी भूगोल वाचत होती आणि आई मधेच विचारत होती, "मग हा पाऊस आपल्याकडे कमी का पडतो गं?" मुलीने सह्याद्री, वारे, पर्जन्यछाया असं सगळं हातवारे करून सांगितलं. वर्गात तिला तो धडा मी दोनदा शिकवला होता. पक्का झाला तो त्या संध्याकाळी.

"अडलं तर यूट्यूबवर बघावं लागतं" असं मोठी मुलं म्हणतात, आणि ते खोटं नाही. त्यासाठी अडलेली गोष्ट कागदावर लिहायची. नऊ वाजता तीच चिठ्ठी हातात घेऊन, मोठ्यांसमोर, पंधरा मिनिटं फोन. लिहिता लिहिता निम्म्या शंका आपल्या आपण सुटतात असा माझा अनुभव आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार; आधी डोकं लढवू द्या, मग व्हिडिओ.

शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: रात्री आठला ग्रुपवर गृहपाठ टाकू नका. तो शाळा सुटायच्या आधी फळ्यावर लिहा. आपण ग्रुपवर टाकत राहिलो तर मुलाने फोन बघू नये असं सांगायचा आपल्याला हक्क राहत नाही.

झोपताना फोन उशाशी नको. चार्जिंग त्याच फळीवर. "गजर लावायचाय" ही सबब येते. गजराचं साधं घड्याळ आणून द्या, प्रश्न मिटला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग असं असतं, तिथे कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं. रविवारी घरातल्या सगळ्यांनी आपापला आकडा एकमेकांना दाखवावा, मोठ्यांनी आधी. मुलाचा फोन चोरून तपासण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दोन गोष्टी मात्र घाईने कराव्यात. यूपीआयचा पिन मुलांना माहीत असेल तर आजच बदला. गेममध्ये पैसे गेले की घरात फार वाईट दिवस येतात. फसवणुकीत पैसे गेले तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, उशीर झाला की पैसे हाती लागणं कठीण होतं. आणि मूल रात्र रात्र जागत असेल, शाळा टाळत असेल, फोन घेतल्यावर स्वतःला इजा करीन म्हणत असेल, तर ते हट्ट करतंय असं समजू नका. घंटा आणि फळीने ते सुटणारं नाही. डॉक्टरांकडे न्या, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरवर मोफत सल्ला मिळतो.

चौदा घरांपैकी तीन घरं महिन्याभरात गळाली. त्यांच्यामागे लागू नका, त्यांच्या मुलांना मात्र आपल्या ओसरीवर बोलवत राहा. त्यातलं एक पोरगं रोज साडेसातला दप्तर घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसतं. काल त्याची आई त्याला न्यायला आली आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच टेकली. फोन घरी ठेवून आली होती.