स्वाइप मशीन घेण्याआधी बिलबुक उघडा

येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. शिर्डीहून परतणारी मंडळी थांबतात, पुण्या-मुंबईची कुटुंबं लग्नाचा बस्ता काढायला येतात. साडी दहा हजारांची असते तशी दीड लाखाचीही असते. छोट्या बिलाला क्यूआर पुरतो. पण बहुतेकांची यूपीआयची मर्यादा दिवसाला 1 लाख रुपये, आणि आयकर कायद्यानं एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. म्हणजे कार्डाचं मशीन हवंच. नव्यानं दुकान घातलेल्या मुली मला विचारतात, ‘ताई, कुठलं मशीन घेऊ?’ मी त्यांना आधी गेल्या दोन-तीन महिन्यांचं बिलबुक काढायला सांगते.

एजंट येतो तो भाड्याचं बोलतो. या महिन्यात भाडं माफ, त्याच्यापेक्षा शंभरानं कमी. खरा पैसा जातो तो एमडीआरमध्ये, म्हणजे प्रत्येक बिलातून बँक कापते त्या टक्क्यात. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातलेली आहे. मागच्या वर्षीची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के, तेही एका व्यवहाराला 200 रुपयांच्या आत. उलाढाल त्यावर असेल तर 0.90 टक्के आणि 1,000 रुपयांच्या आत. रुपे डेबिट कार्डाला जानेवारी 2020 पासून काहीच कापत नाहीत. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथं जो दर ठरवून घ्याल तोच खरा.

40,000 ची साडी धरा. क्रेडिट कार्डाला 2 टक्के दर असेल तर 800 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 144, एकूण 944 गेले. तीच साडी मोठ्या दुकानात व्हिसाच्या डेबिट कार्डावर गेली तर 360 आणि जीएसटी धरून सव्वाचारशेच्या आत. क्रेडिटचा दर पाव टक्क्यानं उतरवून घेतला तर याच एका बिलामागे 100 रुपये वाचतात. अशी चार-पाच बिलं झाली की 400-500 रुपयांचं महिन्याचं भाडं निघालं. म्हणून बिलबुकात पाहा: मोठी बिलं किती, त्यातली क्रेडिट कार्डावर किती जातील. तुमची बहुतेक बिलं दोनशे-पाचशेची असतील तर मशीनच घेऊ नका, क्यूआर आणि आवाज देणारा डबा पुरे.

दर लेखी मागा, आणि कार्डाच्या प्रकारानुसार मागा: साधं क्रेडिट, महागडं रिवॉर्डवालं, कंपनीच्या नावाचं, परदेशी, अमेक्स म्हणजे अमेरिकन एक्सप्रेस. जाहिरातीत ठळक छापलेला दर बहुधा यातल्या सगळ्यात स्वस्त कार्डाचा असतो, आणि आमच्याकडे दीड लाखाची पैठणी घेणाऱ्याच्या खिशात ते कार्ड क्वचितच असतं. क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डानं पैसे आले तर काय, हेही विचारा. छोट्या दुकानाला 2,000 रुपयांपर्यंत कापणी नाही, पुढे आहे. अर्जात तुमचा जीएसटी क्रमांक न विसरता भरा. नेहमीच्या नोंदणीत असाल तर ते 144 रुपये तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा करून मिळतात. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानांना, ते मिळत नाहीत, त्यांनी तो खर्चातच धरावा.

‘कार्डाला दोन टक्के वर लागतील’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका. डेबिट कार्डावर तर असं वसूल करायला परवानगीच नाही. लेकीच्या लग्नाची साडी घेणाऱ्या आईला शेवटच्या क्षणी वाढीव आकडा ऐकवणं मला पटत नाही. खर्च किमतीत आधीच धरा.

आता मशीन. फोनला ब्लूटूथनं जोडायचं छोटं यंत्र प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांना बरं. दुकानात मी सिम आणि प्रिंटर असलेलंच घ्यायला सांगेन, वाय-फायवरही चालणारं. घेण्याआधी ते गल्ल्यावर ठेवून खरं कार्ड चालवून बघा, दारात उभं राहून नव्हे. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड रेंज मरते. त्या जागी कुठल्या कंपनीचं सिम चालतं ते तुम्हालाच ठाऊक, तेच घालून मागा. वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते ते विचारा. टॅपची, म्हणजे कार्ड नुसतं टेकवून पैसे घेण्याची, सोय हवीच. 5,000 पर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे ब्लाउजपीस, स्टोल, दुपट्टा घेणाऱ्यांची रांग पटकन सरकते.

पैसे खात्यावर कधी येतात हा प्रश्न आमच्या धंद्यात जिव्हाळ्याचा, कारण विणकराची मजुरी थांबवता येत नाही. सहसा दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात. शनिवारी विकलेल्या साडीचे सोमवारी की मंगळवारी, त्याच दिवशी हवे असतील तर जादा किती, हे स्पष्ट करून घ्या. रात्री सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचे व्यवहार मशीनवर बंद करून बँकेकडे पाठवायची सवय गल्ल्यावरच्या प्रत्येकाला लावा. सेटलमेंटआधी चुकलेला व्यवहार मशीनवरच रद्द होतो. नंतर रिफंड करावा लागतो आणि गिऱ्हाईक काही दिवस ताटकळतं.

स्लिपचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात. मोठ्या बिलाच्या स्लिपचा त्याच दिवशी फोटो काढून बिलाच्या सहीच्या प्रतीसोबत ठेवा. कार्डधारकानं महिन्या-दोन महिन्यांनी बँकेत तक्रार केली तर तोच तुमचा पुरावा.

सही करण्याआधी करारात चार गोष्टी बोट ठेवून वाचा: किती महिने बांधून घेतलंय, ठरावीक उलाढाल न झाल्यास दंड आहे का, मशीन पडलं-फुटलं तर भरपाई किती, आणि बिघडलं तर माणूस कुठून, किती वेळात येणार. लग्नसराईत दोन दिवस मशीन बंद राहणं आम्हाला परवडत नाही, म्हणून दर थोडा जास्त असला तरी मी नाशिकहून माणूस पाठवणाऱ्यालाच पसंती देईन. पुढेमागे मशीन परत केलंत तर त्याच्या क्रमांकासह पोच घ्या आणि खात्यातून भाडं कापण्याची परवानगी बँकेत जाऊन रद्द करा.