४८६ वर डॉस गेम चालत नाहीये? आधी या चुका टाळा

माळ्यावरचा ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला डॉसवाला पीसी (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, हुकूम टाईप करून चालवायची सिस्टीम), खाली काढायचा, फडकं मारायचं, शाळेत असताना अर्धवट राहिलेला एखादा गेम टाकायचा आणि तो चालला नाही की रात्री साडेअकराला मला मेसेज, "दादा, मेमरी कमी पडतेय म्हणतोय, रॅम कुठे मिळेल?" प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. ज्यांना नुसता गेम खेळायचाय त्यांनी आपलं नव्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्स (जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकावं आणि सुखात राहावं, त्यात काही कमीपणा नाही. हे त्यांच्यासाठी ज्यांना त्याच डब्यावर, त्याच करकरणाऱ्या हार्डडिस्कवर खेळायचंय.

उदाहरणाला अल्टिमा सेव्हन घेतो. १९९२ चा ओरिजिनचा गेम, आणि याच्याइतका नखरेल गेम मी तरी बघितला नाही. हा चालला की बाकीच्यांचं काही वाटत नाही.

खाली काढल्या काढल्या बटण दाबणं

अहो थांबा की. इतकी वर्षं पडून होता तो, अजून अर्ध्या तासाने काय बिघडणारे? आधी मागे बघा, पॉवर सप्लायला छोटा लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना. बाहेरून आलेल्या मशीनवर तो ११५ वर असतो आणि आपल्याकडे लावला की ठो.

मग झाकण उघडा. ३८६-४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक बुटकी गोल बॅटरी सोल्डर केलेली असते, ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम. ती गळते. गळते म्हणजे गळतेच, आज नाही तर उद्या. हिरवट पांढरा थर दिसला तर समजा आतले ट्रॅक खायला सुरुवात झालीये, आणि जवळ असल्यामुळे कीबोर्ड बऱ्याचदा पहिला जातो. चांगली दिसली तरी कापून टाका. गळलेलं द्रव्य अल्कली असतं म्हणून कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. त्याच जागी साधे सेल लावणार असाल तर मध्ये डायोड हवाच, कारण बोर्ड बॅटरी चार्ज करायला बघतो आणि साध्या सेलला ते झेपत नाही. सोल्डरिंग येत नसेल तर गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे न्या, दहा मिनिटांचं काम आहे.

हार्डडिस्क गेली समजून फॉरमॅट मारणं

ही चूक बघितली की माझं डोकंच फिरतं.

बॅटरी मेली की सीमॉस, म्हणजे बॅटरीवर सेटिंग लक्षात ठेवणारी चिप, सगळं विसरतं, आणि त्या 'सगळ्या'त हार्डडिस्क कोणती आहे हेही आलं. मग स्क्रीनवर ड्राइव्ह सापडत नाही, कंट्रोलर फेल वगैरे येतं. डिस्क एकदम ठणठणीत असते, फक्त बायोसला, म्हणजे मशीन चालू होताना पहिला चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमला, तिची मापं माहीत नसतात.

नाशिकचे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. वडिलांच्या दुकानातला ४८६, त्यावर नव्वदच्या दशकातला सगळा हिशोब आणि यांनी लहानपणी टाकलेले गेम. चालू केला, डिस्क सापडेना. बायोसमध्ये गेले तर टाईप १ ते ४६ अशी मोठी यादी, त्यातला 'साधारण आपल्या साईजचा' म्हणून एक अंदाजाने निवडला. आता चुकीची मापं दिल्यावर डिस्क वाचणार कशी, डिरेक्टरी उघडली तर सगळी भुताटकी, फाइलींच्या नावांत हसरे चेहरे आणि बदामाची चिन्हं. यांनी स्वतःच निदान केलं की व्हायरस आहे. आणि एफडिस्क (डिस्कची नव्याने वाटणी करणारा प्रोग्रॅम) मारलं. आणि फॉरमॅट. आणि *मग* मला फोन केला की गेमची सीडी कुठे मिळेल!

मी विचारलं, डिस्कच्या लेबलवर काय लिहिलंय? म्हणे लेबल कुठे असतं? डिस्क बाहेर काढली तर वरच छापलेलं, सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. ते तीन आकडे टाईप ४७ मध्ये, म्हणजे मापं आपण स्वतः भरायच्या पर्यायात, टाकले असते तर डिस्क जशीच्या तशी उघडली असती. गेम काय, कुठूनही मिळतात हो. वडिलांनी स्वतः टाईप केलेली उधारीची खाती होती त्यात, ती कुठून आणणार?

तर माझी सवय सांगतो. कुठलाही जुना डबा आला की स्क्रू ड्रायव्हर आधी आणि वायर नंतर. डिस्कच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढायचा. बायोसमध्ये ऑटो डिटेक्ट असेल तर उत्तम, नसेल तर टाईप ४७ आणि लेबलवरचे आकडे. डिस्क ५०४ एमबीच्या वरची असेल तर एलबीए मोड (मोठ्या डिस्कसाठी पत्ते मोजायची वेगळी पद्धत) पूर्वी चालू होता की बंद तेही बघावं लागतं, दोन्ही करून बघा, नुसतं बघण्याने काही पुसलं जात नाही. सी प्रॉम्प्ट आला की पहिलं काम म्हणजे सगळी डिस्क दुसरीकडे कॉपी. गेम त्यानंतर. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी जुन्या मशीनच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे.

मेमरी कमी पडते म्हणून रॅम टाकत सुटणं

आता मूळ रोग. माझ्या मावसभावाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, हुशार पोरगं, पण घाई फार. त्याच्या ४८६ मध्ये ८ एमबी रॅम होती, अल्टिमा सेव्हन म्हणाला मेमरी पुरत नाही. पठ्ठ्याने रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन १६ एमबीच्या दोन पट्ट्या शोधून आणल्या, घासाघीस केली नसावी असा त्यांचा भाव होता. जुनी रॅम काढून त्या लावल्या. तोच मेसेज.

"काका, बत्तीस झाली तरी कमीच म्हणतोय. गेम नक्की ब्याण्णवचाच आहे ना?"

"मेसेज पूर्ण वाच."

"वाचला की, मेमरी नाही म्हणतोय."

"कुठली मेमरी?"

गप्प.

तर कुठली मेमरी, हा सगळा प्रश्न आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर एकूण १ एमबीच बघू शकायचा, त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमना आणि वरचे ३८४ केबी डिस्प्ले, बायोस वगैरेंना राखीव. ती वाटणी पुढे डॉसच्या मानगुटीवर कायमची बसली. तुम्ही ३२ एमबी टाका नाहीतर ६४ टाका, डॉसचा प्रोग्रॅम सुरू होणार त्या ६४० केबीतच, आणि त्यातही तुमच्या ड्रायव्हरांनी आधीच पथारी पसरलेली असते. मेम /सी /पी टाईप करा, कोण किती खातंय ते दिसेल. या पोराकडे सीडीचा ड्रायव्हर, एमएससीडेक्स (डॉसला सीडी दाखवणारा), स्मार्टड्राइव्ह (डिस्कचं वाचन वेगवान करणारा), जुना जाडजूड माऊस ड्रायव्हर, डॉसकी (आधी टाईप केलेले हुकूम लक्षात ठेवणारा) आणि वर अँटिव्हायरस! अरे, इंटरनेटला न जोडलेल्या ४८६ ला अँटिव्हायरस कशाला? म्हणे कुठूनतरी 'बेस्ट कॉन्फिग फाइल' (सुरू होताना काय काय लोड करायचं ते डॉसला सांगणारी फाइल) मिळाली होती, ती तशीच उचलली. एमएससीडेक्स आणि स्मार्टड्राइव्ह दोघं मिळूनच पन्नासेक केबी खातात, आणि अल्टिमा हार्डडिस्कवर टाकल्यावर सीडी ड्राइव्हचं काम काय?

मग त्याने दुसरा शॉर्टकट मारला, मेममेकर. डॉस ६ बरोबर येणारा हा प्रोग्रॅम कॉन्फिग फाइल आपणहून बदलतो, ईएमएम३८६ (डॉसबरोबर येणारा मेमरी मॅनेजर) घालतो आणि ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मेमरीत ढकलतो. बऱ्याच गेमना ते चालतं. अल्टिमा सेव्हनला नेमकं तेच चालत नाही! ओरिजिनवाल्यांनी स्वतःचा वूडू नावाचा मेमरी मॅनेजर लिहिला होता, तो प्रोसेसरशी परस्पर खटपट करून वरची मेमरी थेट वापरतो. त्यासाठी प्रोसेसर रिअल मोडमध्ये, म्हणजे मध्ये कोणी पहारेकरी नसलेल्या साध्या अवस्थेत हवा. ईएमएम३८६ एकदा बसला की प्रोसेसर व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये जातो आणि वूडूला हवी ती मोकळीक उरत नाही. म्हणजे मेममेकरने मेमरी वाचवली आणि गेमच मारला. ईएमएम३८६ च्या ओळीत नोईएमएस हा पर्याय लावूनही उपयोग नाही, मुळात ईएमएम३८६ च नको.

पण ईएमएम३८६ काढला की वरच्या मेमरीचे कप्पेही गेले, डिव्हाइसहाय (ड्रायव्हर वर बसवायचा हुकूम) लिहिलं तरी ड्रायव्हर खालीच बसणार. म्हणून इथे उपाय एकच, सामान कमी करा. मी प्रत्येक नखरेल गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी ठेवतो, फॉरमॅट ए: /एस करून, वर पेन्सिलने गेमचं नाव. अल्टिमाच्या फ्लॉपीवरची कॉन्फिग फाइल एवढीच आहे (इंग्रजीत टाईप करायची हे सांगायला लागू नये, पण लागतं):

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डॉस=हाय
फाइल्स=३०
बफर्स=२०

ऑटोएक्झेकमध्ये, म्हणजे कॉन्फिगनंतर आपोआप चालणाऱ्या हुकमांच्या फाइलीत, फक्त साउंड कार्डची ओळ आणि सीटीमाऊस. हा फुकटचा माऊस ड्रायव्हर जेमतेम तीन-चार केबी घेतो, मायक्रोसॉफ्टचा त्याच्या कितीतरी पट घेतो. डॉस=हाय ला फक्त हायमेम (१ एमबीच्या वरची मेमरी उघडून देणारा ड्रायव्हर) लागतो, ईएमएम नाही, त्यामुळे डॉस स्वतः १ एमबीच्या वर जाऊन बसतं आणि खाली जागा होते. पोराने हे केलं, गेम लागला. मग त्या दोन पट्ट्यांचं काय करू विचारत होता.

डॉस ६ मध्ये कॉन्फिग फाइलीतच मेनू करता येतो, फ्लॉपी लागत नाही, हे मला माहितेय. करा तुम्ही. मला फ्लॉपी आवडते, ती काढली की मशीन होतं तसं.

आणि आता लगेच सगळीकडून ईएमएम३८६ उडवू नका! १९९० चा विंग कमांडर बरोब्बर उलटा, त्याला ईएमएस (ईएमएम३८६ तयार करून देतो ती जादा मेमरी) दिली तर कॉकपिटमध्ये पायलटचा हात जॉयस्टिकवर हलताना दिसतो, नाही दिली तर नाही. म्हणून म्हणतो, गेमबरोबर आलेली रीडमी फाइल उघडा. कोणी उघडत नाही. पाच मिनिटांचं वाचन टाळायला पाच तास घालवतात.

साउंड कार्डला 'ऑटो' वर सोडणं

म्युझिक छान वाजतंय, पण तलवारीचा पहिला आवाज आला की तोच तुकडा टर-टर-टर परत परत, किंवा मशीन थिजतं. हे दिसलं की आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्या लाईनचा नंबर, चुकलाय, दुसरीकडे बघूच नका. म्युझिकच्या चिपला आयआरक्यू लागत नाही म्हणून ते वाजतं, आणि मग लोक छातीठोक सांगतात की कार्ड तर बरोबर आहे. साउंड ब्लास्टर कार्डला पत्ता २२०, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता आवाजाचा डेटा नेणारा मार्ग) १ आणि आयआरक्यू ५ द्या. ७ शक्यतो नको, तो प्रिंटर पोर्टचा. कार्डवरचा जम्पर (पिनांवर बसवायची छोटी टोपी), ऑटोएक्झेकमधली सेट ब्लास्टरची ओळ आणि गेमच्या सेटअपमधला आकडा, तिन्ही ठिकाणी एकच हवं.

पेन्टियमवाल्यांनी अजून एक बघा, कार्ड आयएसए (जुना, लांब स्लॉट) आहे की पीसीआय (नंतरचा, आखूड स्लॉट). काही पीसीआय कार्डांचा डॉस ड्रायव्हर चालायलाच ईएमएम३८६ मागतो, आणि अल्टिमाला तो चालत नाही, बसा आता. जुनं आयएसए कार्ड शोधा, दुसरा मार्ग काढण्यात आयुष्य घालवू नका.

बाकीच्या किरकोळ

गेम भन्नाट वेगाने पळतोय? टर्बो बटण दाबा, नाहीतर बायोसमधून कॅश बंद करा, ४८६ चांगला मरगळतो. डब्यावर वेग दाखवणाऱ्या लाल आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ते जम्परने लावलेले असतात, काही मोजत बिजत नाहीत.

'रनटाईम एरर २००' आला तर गेम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला आहे आणि तुमचा प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वरचा आहे. त्याचा पॅच मिळतो. विंडोज परत टाकून काही होणार नाही.

'पॅक्ड फाइल करप्ट' आला तर फाइल बहुतेक ठीकच असते. खालची मेमरी *जास्त* मोकळी झालीये. गेमच्या नावाआधी लोडफिक्स हा डॉसचा हुकूम लिहा.

नव्या लॅपटॉपवर झिप उघडून फोल्डर कॉपी केलं की लांब नावांच्या फाइली डॉसमध्ये शेपटीवाल्या चिन्हासकट तुटक दिसतात आणि गेमला सापडत नाहीत. झिप तशीच न्या, डॉसमध्येच उघडा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला रे. कार्ड काढलं, रॅम बदलली, कॉन्फिग नवीन टाकली आणि वर 'आता तर चालूच होत नाही' असा मेसेज आला, तर मी काय ओळखणार? मला विचारायचंच असेल तर मेम /सी /पी च्या स्क्रीनचा फोटो आणि कॉन्फिग, ऑटोएक्झेक या दोन्ही फाइलींचा फोटो पाठवा. नुसतं 'चालत नाहीये' पाठवलंत तर उत्तर येणार नाही.